बिझनेस कॅज्युअल म्हणजे नक्की काय घालायचं? सांगली-मिरजेच्या पोरापोरींसाठी सगळं सविस्तर

ऑफर लेटर येतं, मग जॉइनिंगचा मेल येतो आणि त्यात खाली कुठंतरी एक ओळ असते, ड्रेस कोड बिझनेस कॅज्युअल. बास, पुढं काही नाही. मग घरात चर्चा सुरू होते, आई म्हणते दादाच्या लग्नातला सूट आहे की तो घाल, मित्र म्हणतो बिनधास्त जीन्स घालून जा कोण बघतंय, आणि मोबाईलवर व्हिडिओ बघावा तर त्यातला माणूस ब्लेझर, लोफर, घड्याळ असं सगळं मिळून पहिला पगार व्हायच्या आधीच तेवढा खर्च सांगून मोकळा होतो.

मी बरीच वर्षं पुण्यात एचआरला काम केलं, आता सांगलीत असते. वालचंदची, विलिंग्डनची, इस्लामपूर-तासगाव-विट्याकडची पोरं जॉइनिंगला येताना बघितलेली आहेत, कामात कुणाला हार जात नाहीत पण पहिल्या दिवशी कपड्यांची धाकधूक चेहऱ्यावर स्पष्ट दिसते, सारखा शर्ट ओढून खाली करणं, हात खिशात लपवणं. ही धाकधूक विनाकारण आहे आणि ती फक्त एवढ्याचसाठी असते की कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून लिहिते. माझं म्हणणं थोडक्यात असं की यात ब्रँडचा काही संबंध नाही, अंगाला बरोबर बसणारं, स्वच्छ आणि इस्त्री केलेलं असेल तर कापड पेठेतल्या साध्या कापडाचा शर्टसुद्धा कुठल्याही ऑफिसात खपून जातो, आणि हे तीनही जमत नसेल तर महागातला शर्टही वाया.

आधी शब्दाचा गोंधळ काढून टाकू

फॉर्मल म्हणजे सूट, टाय, ब्लेझर. कॅज्युअल म्हणजे आपण रविवारी गणपती मंदिरात जाताना किंवा मित्राबरोबर फिरताना घालतो ते, जीन्स-टीशर्ट. बिझनेस कॅज्युअल या दोन्हीच्या मधलं. टाय नको, सूट नको, पण कॉलर पाहिजे, पॅन्ट नीट पाहिजे, बूट बंद पाहिजेत. मुलींना शर्ट-पॅन्ट, सरळ कुर्ता आणि पॅन्ट, साधी साडी, यातलं काहीही.

हा प्रकार मुळात अमेरिकेतला. हवाईमध्ये १९६० च्या दशकात शुक्रवारी ऑफिसला फुलाफुलांचे शर्ट घालायची मुभा मिळाली, ते पुढं कॅज्युअल फ्रायडे म्हणून इतरत्र पसरलं आणि नंतर शुक्रवारचं आठवडाभर झालं. तिथल्या लोकांचाही इतका गोंधळ व्हायला लागला की १९९२ मध्ये लिव्हाइस कंपनीनं हजारो एचआर मॅनेजरांना ऑफिसला कॅज्युअल कसं घालावं याची पुस्तिकाच पाठवली, त्यात त्यांच्या डॉकर्स खाकी पॅन्टा खपवायचा हेतू होताच. पण मुद्दा असा की ज्यांनी हे काढलं त्यांनाच समजावून सांगायची वेळ आली, मग आपल्याला एका ओळीत कळलं नाही तर त्यात लाजायचं काही कारण नाही.

पहिलं काम: खरेदी नको, चौकशी करा

प्रत्येक ऑफिसचं बिझनेस कॅज्युअल वेगळं असतं. हिंजवडीतल्या आयटी कंपनीत गडद जीन्स आणि कॉलरचा टीशर्ट चालतो, सांगलीतल्या सहकारी बँकेत तेच घालून गेलात तर मॅनेजर साहेब काही बोलणार नाहीत पण बघतील. म्हणून जॉइनिंगच्या मेलला सरळ उत्तर द्या आणि विचारा, त्यात कमीपणा नाही, उलट एचआरला बरं वाटतं की पोरगं विचार करतंय. विचारताना "काय घालू" असं मोघम विचारू नका, मुद्दे काढून विचारा: जीन्स चालते का, हाफ बाही चालते का, स्पोर्ट्स शूज चालतात का, शनिवारी किंवा शुक्रवारी वेगळं असतं का, क्लायंट येतात का. पाच प्रश्न, पाच उत्तरं, निम्मं काम झालं.

दुसरं, कंपनीच्या लिंक्डइनवर टीमचे फोटो असतात ते बघा, फक्त दिवाळीचे आणि ट्रॅडिशनल डेचे फोटो सोडून. आणि इंटरव्ह्यूला गेला होता ना, तेव्हा तुमच्या वयाची, तुमच्याच हुद्द्याची माणसं काय घालून बसली होती ते आठवा. बॉस काय घालतो ते बघून तसं करू नका, बॉसला वीस वर्षांच्या कामाचं वजन असतं, तो सँडल घालून आला तरी चालतंय.

पहिल्या दिवशी मात्र उत्तर काहीही मिळालेलं असू दे, एक पायरी वरचंच घाला. नंतर सैल होणं सोपं असतं.

दुसरं: कपाट उपसा

सगळे कपडे पलंगावर काढा. कॉलेजच्या प्रेझेंटेशनला शिवलेली पॅन्ट, भावाचा न वापरलेला शर्ट, दिवाळीला घेतलेला कुर्ता, सगळं. एकेक घालून आरशासमोर उभं राहा आणि तीन ढीग करा, एक जसंच्या तसं चालणारं, एक टेलरकडून दुरुस्त करून चालणारं, एक ऑफिसला नाहीच. चकचकीत पार्टीवेअर शर्ट, मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलेले टीशर्ट, गुडघ्यावर फाटलेली जीन्स, कार्गो, धुऊन धुऊन कॉलर पांढरी पडलेला शर्ट हे तिसऱ्या ढिगात. कॉलर आतून विरलेली असेल तर तो शर्ट कितीही लाडका असला तरी ऑफिसचा नाही.

मला खात्री आहे की दुसऱ्या ढिगात तुमच्या अंदाजापेक्षा जास्त कपडे निघतील.

फिटिंग, म्हणजे खरं सगळं यातच आहे

हा भाग सावकाश वाचा कारण पैसे इथंच वाचतात.

शर्ट बघताना पहिल्यांदा खांदा बघायचा. बाही जिथं जोडलेली असते ती शिलाई तुमच्या खांद्याच्या हाडाच्या टोकावर आली पाहिजे, दंडावर उतरलेली नको आणि मानेकडे चढलेलीही नको. खांदा चुकला तर तो शर्ट सोडून द्या, कारण खांदा उसवून परत बसवणं हे टेलरला मोठं काम आहे आणि ते क्वचितच नीट होतं. बाकीचं सगळं दुरुस्त होतं, कंबर आत घेता येते, बाही आखूड करता येते, लांबी कमी करता येते.

मग कॉलर. वरचं बटण लावून आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. तुम्ही ते बटण रोज लावणार नाही, पण लागलं पाहिजे, नाहीतर कॉलर दोन्हीकडे पसरून पडते. मग छाती आणि पोट, यासाठी उभं राहून बघू नका, खुर्चीत बसा. बसल्यावर दोन बटणांच्या मध्ये फट पडून आतला बनियन दिसत असेल तर घट्ट आहे. ऑफिसात आपण दिवसभर बसूनच असतो आणि समोरच्याला तीच फट दिसते. उलट दोन्ही बाजूंनी चिमटीत मूठभर कापड येत असेल तर ढगळ आहे, एवढं कापड खोचल्यावर पॅन्टीच्या वर फुग्यासारखं येतं. फुल बाही हात सरळ सोडल्यावर मनगटाच्या हाडापर्यंत. दुपारी उकडायला लागल्यावर बाह्या वर करायच्या असतील तर कफाच्या रुंदीच्या दोन सारख्या घड्या घाला आणि कोपराच्या खालीच थांबा.

खोचायचं की बाहेर ठेवायचं? शर्टाचा खालचा काठ बघा. दोन्ही बाजूंना वर जाणारा, पुढंमागं लांब शेपटी असलेला शर्ट खोचायचाच असतो. काठ सरळ आणि लांबी पॅन्टीच्या चेनच्या मध्यापर्यंत असेल तर बाहेर चालतो. मला विचाराल तर पहिले काही महिने खोचाच.

पॅन्टीत कंबर अशी पाहिजे की बेल्ट नसला तरी पॅन्ट जागेवर राहिली पाहिजे, बेल्ट हा पॅन्ट धरून ठेवायला नाही. बाजूचे खिसे कानासारखे बाहेर उघडत असतील तर सीटमध्ये घट्ट आहे. लांबी बुटाच्या वर अलगद टेकेल एवढी, एखादी हलकी मोड पडली तर ठीक, पण टाचेखाली कापड घासत असेल तर पावसाळ्यात ते गुडघ्यापर्यंत चिखल वर ओढतं. लांबी मोजायला टेलरकडे जाताना ऑफिसचेच बूट घालून जा, चप्पल घालून गेलात तर माप चुकणारच.

आणि मुलांनो, पांढऱ्या शर्टाच्या आत पांढरा बनियन घातला तर तो बाहेरून स्पष्ट दिसतो. फिकट राखाडी किंवा अंगाच्या रंगाजवळचा घाला, दिसत नाही. हे एवढंसं आहे पण फरक खूप पडतो.

तयार घ्यायचं की शिवून घ्यायचं

आपल्याकडं एक सोय आहे जी मोठ्या शहरातल्या पोरांना सहज मिळत नाही. इचलकरंजी इथून जवळ, विट्यात यंत्रमाग, आणि सांगलीत कापड पेठ, गणपती पेठ, मारुती रोडला कापडाची दुकानं आणि गल्लीत टेलर. ज्यांचं अंग तयार मापात बसत नाही, म्हणजे उंची जास्त आणि बारीक, किंवा खांदे रुंद आणि हात आखूड, त्यांनी तर शिवूनच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तयार शर्टावर पैसे घालून परत तो अल्टर करत बसण्यापेक्षा ते बरं.

कापड किती घ्यायचं तर साधारण उंचीच्या माणसाला ५८ इंच पन्ह्याचं (पन्हा म्हणजे कापडाची रुंदी) कापड असेल तर फुल बाहीच्या शर्टाला १.६ मीटर, ३६ इंच पन्हा असेल तर सव्वादोन मीटर, आणि पॅन्टला ५८ इंची कापड १.२ ते १.३ मीटर. अंगानं मोठे असाल तर टेलरला आधी विचारून जा. सुती कापड घेतलं तर शिवायच्या आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा आणि मगच टेलरकडं द्या. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं, न भिजवता शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर कॉलर गळ्याला आणि बाही मनगटाच्या वर.

कापड कोणतं? रोज बाइकवर मिरजेहून किंवा माधवनगरहून येणार असाल तर सुती आणि पॉलिएस्टर मिक्स घ्या, ६० टक्के सुती असलेलं बरं, चुरगळत कमी आणि श्वासही घेतं. पूर्ण पॉलिएस्टर एप्रिल-मेमध्ये आपल्या उन्हात अंगाला चिकटतं आणि घामाचा वास धरून ठेवतं, नकोच. लिनन दिसायला फार छान पण खुर्चीत तासभर बसलात की पाठीवर सुरकुत्यांचं जाळं होतं, तो पहिल्या खरेदीत नको.

टेलरला हे सांगायला विसरू नका: शिलाईत आतून माया, म्हणजे थोडं जादा कापड, ठेवा, विशेषतः पॅन्टीच्या मागच्या शिलाईत. नोकरी लागल्यावर बसून बसून वजन वाढतंच, माया असेल तर तीच पॅन्ट दोन वर्षांनी सैल करून मिळते. आणि ट्रायल घ्या. घाईत असला, तो म्हणाला काही लागत नाही ट्रायल, तरी घ्या. लग्नसराईत आणि दिवाळीच्या तोंडावर टेलर वेळेवर देत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे, तर जॉइनिंगच्या निदान तीन आठवडे आधी कापड त्याच्या हातात पाहिजे.

सुरुवातीला किती लागतं तर दोन पॅन्टा आणि पाच शर्ट. खरंच एवढंच. एक नेव्ही ब्लू, एक राखाडी पॅन्ट, आणि शर्ट पांढरा, फिकट निळा, फिकट गुलाबी, एक बारीक रेघांचा, एक बारीक चौकड्यांचा. यातला कुठलाही शर्ट कुठल्याही पॅन्टीवर जातो, म्हणजे दहा जोड्या झाल्या आणि सकाळी विचार करावा लागत नाही. काळी पॅन्ट सगळे पहिल्यांदा घेतात पण काळ्यावर धूळ आणि केस लगेच दिसतात, कुपवाड रस्त्यानं रोज बाइकवर जाणाऱ्यांनी तर विचार करूनच घ्यावी.

मुलींसाठी

तुम्हाला पर्याय जास्त आहेत आणि म्हणूनच गोंधळही जास्त. आधी एक सांगते, वेस्टर्न घातलं तरच प्रोफेशनल असं काही नसतं. ज्या कपड्यात तुमचं लक्ष दिवसभर कपड्यांकडं जात नाही तो कपडा ऑफिसचा. ओढणी सावरणं, टॉप खाली ओढणं, गळा धरून वाकणं यात दिवस गेला तर कामात काय लक्ष लागणार.

कुर्ता सरळ कटचा, गुडघ्यापर्यंत किंवा थोडा खाली, खाली सरळ पॅन्ट. लेगिंग चालते पण ती जाड आणि न विरलेली पाहिजे आणि कुर्त्याचा कट कमरेपर्यंत उघडा नको. कुर्ता घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघून निर्णय घेऊ नका, दाराशी उजेडात धरून बघा आरपार दिसतं का. फिकट रंगाचा असेल तर अस्तर लावून घ्या, सुती अस्तरच, नायलॉनचं नको. आणि शिवूनच घेत असाल तर टेलरताईंना सांगून बाजूच्या शिलाईत खिसा ठेवून घ्या, आयडी कार्ड, मोबाइल, गाडीची किल्ली सगळं हातात घेऊन फिरावं लागत नाही. कुर्त्याला साधारण अडीच मीटर कापड लागतं, खिशाचं त्यातच निघतं.

आरशासमोर तीन गोष्टी करून बघा. हात पूर्ण वर करा, जसं वरच्या कपाटातली फाइल काढतोय. खाली वाका, जसं पडलेलं पेन उचलतोय. आणि खुर्चीत बसून मांडीवर कुर्ता कुठं येतो बघा. तिन्हीत काही ओढावं, सावरावं लागलं नाही तर तो कुर्ता पास.

ओढणी सक्तीची नाही. घेणार असाल तर दोन्ही खांद्यांवर नीट पिन करा, आणि दुचाकीवर जाताना ती काढून बॅगेत ठेवा किंवा पाठीमागं घट्ट बांधा, चाकात ओढणी अडकून जीवावर बेतलेले प्रकार होतात, यात हयगय नको.

साडी नेसायला आवडत असेल तर नक्की नेसा. सुती, खादी, साधी इरकल, मलमल, यातली कुठलीही चालते. भरजरी काठ, टिकल्या, चमकी लग्नाला. सुती साडीला हलकी खळ असेल तर निऱ्या दिवसभर राहतात, जास्त कडक केली तर बसताना फुगते. पदर छोट्या प्लेट्स करून खांद्यावर पिन, निऱ्यांना आतून एक पिन. बँकेत, शाळेत, कॉलेजात साडी म्हटलं की वेगळंच वजन येतं हे मी अनेकदा बघितलंय. आयटीतही कुणी अडवत नाही.

शर्ट-पॅन्ट घालणार असाल तर छातीवरच्या बटणांच्या फटीचा प्रश्न मुलींना जास्त येतो, तिथं आतून एक छोटं प्रेस बटण लावून घ्या, टेलर पाच मिनिटांत लावतो.

मंगळसूत्र, टिकली, बांगड्या, कपाळावरचं कुंकू, मुलांच्या हातातला गंडा किंवा गळ्यातली माळ, हे काढून ठेवायला लागतं असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते तुमचं आहे. फक्त कीबोर्डवर टाइप करताना खणखण वाजणाऱ्या डझनभर बांगड्या असतील तर कमी करा, शेजारच्याला त्रास होतो एवढंच.

पायात काय

मुलांनी एक जोड बंद बूट, लेसचे किंवा बिनलेसचे लोफर. बेल्ट बुटाच्या रंगाचा. काळे बूट राखाडी आणि नेव्हीवर जातात, तपकिरी नेव्हीवर आणि खाकीवर. एकच जोड घेणार असाल तर काळा घ्या. बूट संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी बरोबर बसलेला बूट संध्याकाळी चावतो. पुढं अंगठ्याएवढी जागा पाहिजे. मोजे पॅन्टीच्या रंगाचे आणि एवढे लांब की पाय दुमडून बसल्यावर पिंढरी दिसू नये. पांढरे स्पोर्ट्स मोजे काळ्या बुटात नको. रोज धुतलेले मोजे, यावर मी काही वेगळं बोलत नाही.

मुलींनी बंद बेली, मोजडी, कमी उंचीची रुंद टाच. बारीक उंच टाच आपल्या फुटपाथवर आणि ऑफिसच्या फरशीवर दोन्हीकडं त्रासाची.

कोल्हापुरी चालते का हा प्रश्न मला नेहमी विचारतात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय, म्हणजे ती ठरावीक भागाचीच असल्याची सरकारी नोंद, मिळालं आणि त्यात कोल्हापूरबरोबर सांगली, सातारा, सोलापूर हे आपले जिल्हे आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत, म्हणजे ती हक्कानं आपली आहे. साडी किंवा कुर्त्यावर मुलींनी चांगली पॉलिश केलेली कोल्हापुरी घातली तर ती बिझनेस कॅज्युअलमध्ये शंभर टक्के बसते. मुलांनी ती कुर्त्यावर, ट्रॅडिशनल डेला किंवा ऑफिस तेवढं मोकळं असेल तर घालावी, फॉर्मल पॅन्ट-शर्टावर नको, तिथं ती चपलेलाही शोभत नाही. आणि पावसात अजिबात नको, चामडं पाणी पितं, वाकडं होतं आणि मग ती चप्पल परत पहिल्यासारखी होत नाही.

कुपवाड, मिरज एमआयडीसीत नोकरी असेल तर

इथं ऑफिस आणि शॉप फ्लोअर दोन्ही असतं. टेबलावर बसताना बिझनेस कॅज्युअल आणि मशीनजवळ जाताना नियम वेगळे. फ्लोअरवर सेफ्टी शूज, तिथं लोफर चालत नाही. वेल्डिंग, फाउंड्री, फर्नेसजवळ जायचं असेल तर सुतीच कपडे घाला, पॉलिएस्टरवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. फिरत्या मशीनजवळ ओढणी, सैल बाही, गळ्यातली लोंबती आयडी कार्डाची दोरी, हे सगळं काढून किंवा आत खोचून ठेवा. केस बांधा. इथं मात्र बांगड्या, अंगठीसुद्धा काढा, हे कपड्याच्या शिस्तीसाठी नाही, हातासाठी आहे.

इस्त्री, धुणं आणि पाऊस

इस्त्री स्वतः शिका. गल्लीतला इस्त्रीवाला उत्तम, पण पुण्यात पीजीत राहायला गेलात की सकाळी सातला तो उघडत नाही. शर्टाला कॉलरपासून सुरुवात, कॉलर उलटी करून टोकाकडून मध्याकडं, मग कफ, बाह्या, मग पुढचे दोन भाग बटणांच्या मधून, शेवटी पाठ. सुती कापड किंचित ओलसर असताना गरम इस्त्रीनं, मिक्स कापड मध्यम, पॉलिएस्टर कमी तापमानावर. गडद पॅन्ट उलटी करून इस्त्री करा नाहीतर शिलाईवर चकाकी येते आणि ती जात नाही. रविवारी संध्याकाळी पाचही शर्ट करून हँगरला लावले की आठवडा मोकळा.

धुताना शर्ट उलटा करून धुवा, गडद कपडे सावलीत वाळवा. काखेत पिवळे डाग पडतात ते नुसत्या घामानं नाही, घाम रोखणाऱ्या रोल-ऑन आणि स्प्रेमध्ये ॲल्युमिनियमचे क्षार असतात, ते घामाबरोबर मिळून कापडावर बसतात. ते लावल्यावर नीट सुकू द्या आणि मग शर्ट घाला, आणि शर्ट घामेजून आला की लगेच पाण्यात टाका, आठवड्याच्या ढिगात नको.

पावसाळ्यात आपल्याकडं कपडे वाळत नाहीत. अर्धवट ओला शर्ट इस्त्रीनं सुकवून घातला तर दुपारपर्यंत कुबट वास सुटतो, तो तुम्हाला येत नाही पण शेजारच्याला येतो. पंख्याखाली रात्रभर अंतर ठेवून टांगा, त्यासाठी पावसाळ्यात एक-दोन शर्ट जास्त लागतात. जाता-येता रबरी सँडल घाला, बूट पिशवीत, ऑफिसात जाऊन बदला. भिजलेले बूट हीटरवर किंवा कडक उन्हात ठेवू नका, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, ओल शोषली जाते. एक घडी केलेला शर्ट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये कायम असू द्या.

आणि पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी एक पातळ स्वेटर किंवा जॅकेट बॅगेत ठेवा, एसी इतका असतो की मेमध्येही थंडी वाजते.

बाकीचं पटापट

नखं कापलेली. दाढी ठेवा पण काठ नीट. केसाला तेल लावा पण रात्री, सकाळी कपाळावर ओघळणारं नको. हेल्मेटनं केस बसतात तर छोटा कंगवा बॅगेत. अत्तर, स्प्रे एकदाच, लिफ्टमधल्या बाकीच्यांचाही विचार करा. बॅग साधी, कॉलेजची पॅचेस लावलेली नको. नवीन शर्टाच्या बाहीवरचं कंपनीचं लेबल आणि ब्लेझरच्या मागच्या कटाला घातलेली फुलीची कच्ची शिलाई दोन्ही काढायची असतात, ती तशीच ठेवून फिरणारे खूप दिसतात आणि त्यांना कुणी सांगत नाही. नवरात्रात नऊ रंगांचे कपडे घालायची पद्धत बऱ्याच ऑफिसात आहे, त्यासाठी नवीन काही घ्यायची गरज नाही, त्या रंगाची ओढणी किंवा एखादा कुर्ता पुरतो.

जॉइनिंगच्या आदल्या दिवशी आणि नंतर

सगळं घालून, बूट-मोजे-बेल्टसकट, घरात अर्धा तास वावरा. बसा, वाका, जिना चढा, गाडीवर बसून बघा. काही टोचतंय, उसवतंय, बटण सैल आहे ते आत्ता कळेल. सुई, दोरा आणि दोन जादा बटणं बॅगेच्या छोट्या कप्प्यात टाका.

पहिले दोन आठवडे नुसतं बघा. शुक्रवारी लोक काय घालतात, क्लायंट यायच्या दिवशी काय बदलतं, तुमच्या टीममध्ये जीन्स किती जण घालतात. मग हळूहळू तसं करा. पहिला पगार झाला की घाई करून पाच शर्ट आणखी आणू नका, आधी दुसरी बुटाची जोड घ्या, म्हणजे एक जोड रोज न वापरता आळीपाळीनं वापरता येते आणि दोन्ही जास्त टिकतात, मग एक खाकी पॅन्ट, आणि क्लायंटकडं जावं लागत असेल तरच एक नेव्ही ब्लेझर, तोही मापानं शिवून.